विमान खाली होतंय

भोपाळच्या विमानतळावर दार लावलेल्या विमानात आम्ही कधीचे बसून होतो, आणि पुढच्या रांगेतले एक गृहस्थ मोबाइलवरून नियम वाचून दाखवत होते. उभ्या विमानात प्रवाशांना हवं तितका वेळ कोंडून ठेवता येत नाही, पाणी-खाणं द्यावं लागतं, आणि उड्डाणाचा अंदाज नसेल तर त्यांना परत इमारतीत जाऊ द्यावं लागतं, असा त्याचा सारांश. गृहस्थ वाचत होते थोडं आणि रागावत होते जास्त. तरी नियम बरोबर होता. आम्हा दोघांनाच तो नको होता.

त्या संध्याकाळी पुण्यात माझ्या नणंदेच्या मुलीचं लग्न होतं, गोरज मुहूर्तावर. माझा नवरा तिचा एकुलता एक सख्खा मामा. मुलीला मांडवात मामाने आणायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं. भाचीने त्याला पत्रिका छापायच्या आधीच बजावलं होतं, "मामा, दुसरं कुणी चालणार नाही हं मला." खरं तर दोन दिवस आधीच निघायचं होतं. पण याच्या कारखान्यात तपासणीला बाहेरची माणसं आली, रजा पुढे ढकलली गेली, आणि लग्नाच्याच दिवशी दुपारचं विमान घ्यावं लागलं. मी रेल्वेने पुढे जाते म्हटलं होतं. आमच्या घरात माझं ऐकायची पद्धत नाही.

सकाळी अवधपुरीतल्या घरून निघालो तेव्हा पुढची गाडी दिसत नव्हती इतकं धुकं. सकाळची विमानं रखडली, त्यामागे आमचंही. शेवटी आत बसवलं, दार लावलं, आणि मग पुण्याहून परवानगीच येईना. नवऱ्याच्या मांडीवर फेट्याची पिशवी होती. ती वर ठेव म्हटलं तर चुरगळेल म्हणाला. थोड्या थोड्या वेळाने तो विचारायचा, "आत्ता निघालो तर पोचतो ना?" मी "पोचतो" म्हणायचे. त्याहून वेगळं बोलून मिळणार काय होतं?

नियमवाल्या गृहस्थांचा आवाज चढला तसा वैमानिक स्वतः बाहेर आला. माणूस सभ्य होता. म्हणाला, "जो उतरना चाहें, उतर सकते हैं. लेकिन उनका सामान ढूँढकर निकालना पड़ेगा, हमारा नंबर चला जाएगा. और हमारी ड्यूटी के घंटे भी खत्म होने को हैं." म्हणजे उतरणारे उतरले की उरलेल्यांचंही जाणं बहुतेक बोंबलणार.

तेव्हा माझा नवरा उभा राहिला. चारचौघांत बोलायचा त्याचा स्वभाव नाही. "भाईसाहब, थोड़ा रुक जाइए. भांजी की शादी है, मैं मामा हूँ."

"तो वीडियो कॉल पर आशीर्वाद दे दीजिए," मागून कुणीतरी म्हणालं, आणि बरेच जण हसले. त्या माणसाला एक ठेवून द्यावी असं मला मनापासून वाटलं.

मग अगदी मागच्या रांगेतून एक बाई तान्हं मूल घेऊन पुढे आली. मुलाचा रडून रडून घसा बसला होता. तिच्याजवळचं दूध संपलं होतं. ती कुणाशी भांडली नाही, फक्त म्हणाली, "मुझे उतार दीजिए." नवरा खाली बसला आणि मीच तिची वाट अडवून बसले असल्यासारखं मला म्हणाला, "उतरू दे गं तिला." त्यानंतर सगळेच उठले.

शिडीवरून उतरता उतरता मी घरच्या ग्रुपवर लिहिलं, "विमान खाली होतंय. नंतर सांगते." आणि फोन पर्समध्ये टाकला. बस, रांग, पुन्हा तपासणी, यात बराच वेळ गेला. आत पोचलो तेव्हा समजलं की वैमानिकाचे तास संपले, आज विमान जाणार नाही. पर्समधून फोन काढला, तर तो वाजतच होता. नवऱ्याचा मावसभाऊ.

"वहिनी, मी गाडी घेऊन बाहेर उभा आहे. कुठल्या दाराने येताय?"

"कसली गाडी? आम्ही भोपाळलाच आहोत."

"भोपाळला? अहो, तुम्हीच लिहिलंत ना, विमान खाली होतंय म्हणून!"

"हो, मग? झालंच खाली. सगळ्यांना उतरवलं."

मग तो हळूच म्हणाला, "खाली म्हणजे... रिकामं होय?"

मी भोपाळात जन्मले, वाढले. वडील सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून इथे आलेले. नवी नवरी असताना सासरी मी "चहात साखर मिलवू का?" असं विचारलं होतं, ते पुण्यात अजून एकमेकांना सांगून हसतात. यावेळी मात्र कुणी हसलं नाही. खाली होतंय, म्हणजे पुण्यावर उतरतंय, असं वाचून कार्यालयात लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. विमानातून निरोप आला कसा, हे कुणाच्याही डोक्यात आलं नाही. लग्नघरात डोकी ठिकाणावर नसतात. मावसभाऊ गाडी काढून पळाला होता. आणि नेमका तोच, ऐनवेळी मामा म्हणून उभा राहू शकला असता असा एकमेव माणूस. त्या गर्दीतून तो मुहूर्ताला परत पोचणं शक्य नव्हतं. माझ्या एका शब्दाने मुलीचे दोन्ही मामा दोन गावांच्या विमानतळांवर अडकले होते.

नवरा फेट्याची पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीवर बसला. मला रागावला असता तर बरं झालं असतं. मला रडू येत होतं, आणि स्वतःचा रागही.

तिन्हीसांजेला तिकडून कुणीतरी व्हिडिओ लावून दिला. भटजी म्हणत होते, "मुलीच्या मामांनी मुलीला आणावं." दोनदा म्हणाले. कुणी पुढे होईना. तेवढ्यात खोलीचं दार उघडलं आणि मुलीचा हात धरून माझी नणंद बाहेर आली.

तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. कन्यादान तिने दीर-जावेकडे सोपवलं होतं आणि मंगलाष्टकांच्या वेळी आपण आत बसायचं हे स्वतःच ठरवलं होतं. त्यावरून मी फोनवर तिच्याशी भांडलेही होते. "उगाच कुणी बोलायला नको," एवढंच ती म्हणाली होती. आता ती मुलीला पाटापर्यंत घेऊन आली आणि मागे उभी राहिली. शेवटच्या सावधानपर्यंत. दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिलं, पण बोललं कुणीच नाही. इथे विमानतळावर माझा नवराही खुर्चीवरून उठून उभा होता. येणारे-जाणारे त्याच्याकडे बघत होते.

थोड्या वेळाने तिचा फोन आला.

"माफ कर गं," नवरा म्हणाला. "मला पोचता आलं नाही."

"तू हवा होतास रे दादा," ती म्हणाली. "पण तू आला असतास ना, तर मी आतच बसले असते."