ऐंशीच्या आत : सागर रोडवरचा एक ट्रॅक-डे

लगागा, लगागा, लगागा, लगागा.

गुरुजींची लाकडी पट्टी टेबलावर असं बोलायची. एक आखूड ठोका, दोन लांब. आमच्या गावच्या मराठी शाळेत ते भुजंगप्रयात शिकवत होते आणि त्यांचं म्हणणं असं, की कवितेचे शब्द नंतर, आधी तिची चाल. बाकीची पोरं खिडकीबाहेर बघायची. मला मात्र तेव्हा जी खोड लागली ती लागलीच. विहिरीचा रहाट असो की पिठाची चक्की, आधी लघु कुठला आणि गुरू कुठला ते ऐकायचं.

पुढे रेल्वेत कारकून होऊन हैदराबादला आलो, काचीगुड्यात राहिलो. नव्वदीच्या सुरुवातीला शंभर सीसीची टू-स्ट्रोक मोटरसायकल घेतली. पहिल्या किकला ती सुरू झाली आणि सायलेन्सरमधून गुरुजींची पट्टी ऐकू आली. लगागा, लगागा. शोरूमवाला बिचारा मायलेज सांगत होता.

ही गाडी माझी एकट्याची नव्हती. अर्धी यादगिरीची. यादगिरी म्हणजे माझा तेव्हाचा जिवलग, बरकतपुऱ्यात मोटर वायंडिंगचं दुकान चालवणारा. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबायची सवय असलेली आमची पिढी. त्या दिवसांत अचानक शोरूमवाला "कुठला रंग देऊ?" म्हणून विचारायला लागला. गाडीबरोबर दोन चाव्या आल्या, एकेक वाटून घेतली. तो मला 'शायर साब' म्हणायचा, मी त्याला यादगिरीच.

आता हा ब्लॉग वाचणाऱ्यांना वाटेल, म्हातारा ट्रॅक-डेचं लिहायला बसला आणि शाळेत शिरला. पण हे सांगितल्याशिवाय सदुसष्टाव्या वर्षी मी रेसच्या ट्रॅकवर काय करत होतो ते कळणार नाही.

तेव्हा आम्ही दर रविवारी शहराबाहेर, बंद पडलेल्या वीटभट्टीच्या मैदानावर रिकामी पिंपं मांडून फेरे मारायचो. स्टेशनजवळ घड्याळदुरुस्तीचं दुकान असलेले हफीज चाचा स्टॉपवॉच धरून आकडा ओरडायचे आणि गाडीवर जो नसेल त्याने तो वहीत लिहायचा. मद्रासकडे खऱ्या ट्रॅकवर शर्यत होती. गाडी एक, माणसं दोन. ठरलं असं, की ज्याचा एक फेरा सर्वांत जलद, तो जाणार. माझी उत्तम वेळ ऐंशी सेकंद. यादगिरीचे चार फेरे माझ्या अक्षरात असे : ८३, ८२, ८१ आणि शेवटचा ८९.

"मैं अस्सी के अंदर था, शायर साब," वही बघून तो म्हणाला. "मेरेकु मालूम है. तुम झूट लिखे."

चाचांना विचारलं. ते म्हणाले, "मैं घडी देखता, बोलता, भूल जाता. सब के चक्करां याद रखूं क्या?"

मी मद्रासला गेलो आणि शेवटून दुसरा आलो. परत आलो तर उंबऱ्यावर यादगिरीची चावी पडलेली. तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही. त्याचं घर माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. बरकतपुऱ्याच्या चौकात समोरासमोर आलो, तर दोघंही दुकानांच्या पाट्या वाचायला लागतो.

मी खोटं लिहिलं नव्हतं. चाचा जे ओरडले तेच लिहिलं होतं. पण 'झूट' हा शब्द काही अंगावरून जाईना. म्हणून मागच्या महिन्यात मेकॅनिककडे जाहिरातीचा कागद दिसला, 'कुठलीही सुस्थितीतली दुचाकी, वयाची अट नाही, वेळेची नोंद यंत्राने', तेव्हा शेवटच्या तीन शब्दांवर नजर अडकली. मला आयुष्यात एक वेळ अशी हवी होती, जी कुणी हाताने लिहिलेली नसेल. आणि ती ऐंशीच्या आत हवी होती. ट्रॅक वेगळा, मैदान वेगळं, या आकड्याला तसा अर्थ नाही, हे मला कळतं. तरी तोच हवा होता.

आमच्या सौ. कुसुमताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पडलात तर मला फोन करू नका, परस्पर दवाखान्यात जा. मी डबा घेऊन येईन."

जायचं असेल त्यांच्यासाठी : काचीगुड्याहून चादरघाट, मलकपेट, दिलसुखनगर, एल. बी. नगर आणि मग सागर रोड. आउटर रिंग रोडवर दुचाकीला परवानगी नाही, तेव्हा मोहात पडू नका. रविवारी सकाळी सहाला निघालात तर तासाभरात पोचता. रिंग रोड ओलांडला की डाव्या हाताला एक इडलीची बंडी लागते. वीस रुपयांत चार इडल्या, वर करमपोडी, म्हणजे तिखट चटणीची पूड, आणि तुपाची धार. तिखट आहे, डोळ्यांत पाणी येतं, आणि हेल्मेटमध्ये डोळे पुसता येत नाहीत. हे मी शिकलो ते तुम्हाला फुकट सांगतोय. ट्रॅकच्या फीचा आकडा देत नाही, गाडीप्रमाणे बदलते. आधी फोन करा. चामडी सूट भाड्याने मिळतो, पण पोट असेल तर मोठं माप आधीच सांगून ठेवा.

तिथे गेल्यावर पहिल्यांदा गाडीची तपासणी. आरसे काढायचे, दिव्यांवर चिकटपट्टी लावायची, साखळी किती सैल आहे ते बघतात. मग माझी तपासणी. डॉक्टरांनी रक्तदाब दोनदा घेतला.

"गाडी ठीक है," त्यांच्या शेजारी उभी असलेली बाई म्हणाली. "अंकल का बोलो."

ही शाहीन. आठवडाभर शाळेत गणित शिकवते, रविवारी इथे वेळेच्या खिडकीत बसते. तिनेच माझ्या गाडीच्या पुढच्या फोर्कला काडेपेटीएवढं यंत्र बांधलं. गाडीने रेषा ओलांडली की तिच्या पडद्यावर वेळ उमटते.

"बेटी, मिनिटं नक्को," मी तिला सांगितलं. "पूरा सेकंदां में बोलना. मेरी वही सेकंदों की है."

"इंग्लिश में बोलूं?"

"नक्को. अपनी जबान में."

"कागद तो छप के मिलता, अंकल. वही कैकु?"

 वही तीच होती, वीटभट्टीची. अर्धी कोरी राहिलेली. तिच्या पुढच्या पानावर यंत्राचा आकडा उतरवायचा, एवढंच मनात होतं.

ट्रॅकवर हळू गाड्यांचा गट वेगळा असतो. त्यात मी, दोन नवशिके डॉक्टर आणि एक नवरा-बायको. पहिल्या सत्रात ब्याण्णव. डांबर इतकं गुळगुळीत, की आयुष्यभर खड्डे चुकवलेल्या माणसाला त्यावर काय करावं ते सुचत नाही. सरळ रस्त्यावर शंभर सीसी जीव तोडून ओरडते आणि तरी डॉक्टर शेजारून निघून जातात, वर हात हलवतात.

दुसऱ्या सत्रात शहाऐंशी. गाडीला दोष देण्यात अर्थ नव्हता, मीच लवकर ब्रेक धरत होतो. पिटमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून, डोळे मिटून सगळा ट्रॅक पुन्हा म्हणून पाहिला. हो, म्हणूनच. भुजंगप्रयात म्हणजे सापाची चाल, आणि हा ट्रॅकही तसाच, एक वळण संपेपर्यंत दुसरं उलट्या बाजूला. सरळ रस्त्यावर इंजिनाच्या ठोक्यावर मी ओळ म्हणत होतो आणि तिसऱ्या गणावर माझा पाय ब्रेकवर जात होता. ठरवलं, चौथा गण सुरू होईपर्यंत जाऊ द्यायचा नाही. ओळ पुरी करायची. घाबरलास तरी चाल मोडायची नाही.

तिसरं सत्र. पहिले दोन फेरे टायर गरम करायला. तिसऱ्याला सरळ रस्ता आला. लगागा. लगागा. लगागा. पाय आपोआप ब्रेककडे उचलला गेला, तो मी फूटरेस्टवर दाबून ठेवला. लगा... आणि ब्रेक. मागचं चाक जरा सरकलं, मनात सत्तेचाळीस वर्षांचा संसार येऊन गेला, आणि गाडी वळली. पुढचं वळण, त्याच्या पुढचं, सगळी अशी जागच्या जागी लागत गेली, जशी पाठ असलेली कविता वर्गात उभं राहून म्हणताना लागते. रेषा ओलांडली तेव्हा मला कळलं होतं. हा फेरा वेगळा होता.

खिडकीशी आलो. इंजिन बंद केलं नाही, गरम असताना बंद केलं तर पुन्हा दहा किका माराव्या लागतात. शाहीनने खिडकीतून मान बाहेर काढली आणि ओरडून आकडा सांगितला. मी टाकीवर वही ठेवून लिहिला. ८९.

सकाळपासूनचा सगळा जोर गेला. मग राग आला.

"मैं जल्दी था, बेटी," मी म्हणालो. "मेरेकु मालूम है. मशीन चुका होगा."

"मशीन नै चुकता अंकल, आदमी चुकता." तिने पडदा माझ्याकडे वळवला. 79.4. मग तिचं लक्ष वहीकडे गेलं. "ये क्या लिखे? ये तो नव्वासी है. मैं उन्नासी बोली."

मी इंजिन बंद केलं.

उन्नासी म्हणजे एकोणऐंशी. नव्वासी म्हणजे एकोणनव्वद. दखनी बोलण्यात दोन्ही शब्द रोजचे. पण मराठी कान 'एकोण' शोधतो, तो सापडला नाही की चाचपडतो. आणि माझा कान तर मराठीही नाही, तो गुरुजींच्या पट्टीचा. उन्नासी : गा गा गा. नव्वासी : गा गा गा. तीन गुरू, एकच गण. इंजिनाच्या आवाजात शब्द बुडतो, चाल तेवढी पोचते. मी आयुष्यभर ज्याचा अभिमान धरला, त्यानेच मला फसवलं. शब्द ऐकलाच नाही, वजन ऐकलं.

वहीची पानं मागे उलटली. ८३, ८२, ८१, ८९. प्रत्येक फेऱ्याला एकेक सेकंद कमी होत आलेला माणूस शेवटच्याला आठ सेकंद कसा मागे पडेल, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नव्हतं. धुळीत घसरला असेल, असं मानून टाकलं होतं. माझी ऐंशी टिकत होती ना.

आणि मघाशी खिडकीशी मी जे वाक्य बोललो, ते त्याचंच होतं. मेरेकु मालूम है.

"अंकल, पानी होना क्या?" शाहीन विचारत होती. "अस्सी के अंदर आ गए, फिर ऐसा मूं कैकु?"

चौथं सत्र मी केलं नाही. जेवणाच्या तंबूत टोमॅटो पप्पु, म्हणजे टोमॅटोचं वरण, आणि भात चांगला होता म्हणतात, मला चव लागली नाही. छापील कागद घेतला, आरसे पुन्हा बसवले आणि निघालो. येताना काचीगुड्याला वळलो नाही, सरळ बरकतपुऱ्याला गेलो.

रविवार, दुकान बंद. वर घराला कुलूप. बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. पाकिटात ट्रॅकचा कागद घातला आणि त्याच्या मागे इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या, कारण आम्हा दोघांना वाचता येणारी तेवढीच एक लिपी : तुझा शेवटचा फेरा एकोणऐंशी होता. ऐकणारा चुकला. खिशातल्या जुडग्यातून गाडीची दुसरी, त्याची चावी काढली, तीही आत टाकली. पाकीट पत्रपेटीत सोडलं.

आज गुरुवार. चार दिवस झाले, उत्तर नाही.

जाणाऱ्यांनी काय न्यावं ते वर लिहिलंच आहे. परत काय येतं म्हणाल, तर उजवा खांदा दुखतो, तळव्यांना फोड आहेत आणि वेळ जी हवी होती ती मिळाली. ती मी भिंतीवर लावणार होतो. कागद आता माझ्याकडे नाही, आणि नाही तेच बरं आहे. सकाळी कुसुमने विचारलं, "येतील का हो ते?" मी म्हणालो, "त्याला न यायचा हक्क आहे." इथेच हा लेख संपवत होतो, तेवढ्यात बेल वाजली.

दारात यादगिरी नव्हता. त्याची बायको, सत्तेम्मा. तिला मी शेवटचं पाहिलं तेव्हा तिचे केस काळे होते. तिसऱ्या मजल्यावर चढून धाप लागलेली.

"लिफ्ट नै क्या अण्णा तुमारेकु?" ती म्हणाली आणि मूठ उघडली. आत चावी होती. "ये उनो वापस दिये."

 मी चावीसाठी हात पुढे केला, तशी तिची मूठ पुन्हा मिटली.

"पैले वही," ती म्हणाली. "नीचे आटो में बैठे सो हैं. वही में सुधारे तो ऊपर आते, नै तो मैं चावी दे के जाना. मेरे सामने लिखना बोले."

मी आतून वही आणली. कुसुमने तिला पाणी दिलं, खुर्ची दिली, ती बसली नाही. मी ते पान काढलं, ८९ वर आडवी रेघ मारली आणि पेन धरून तिच्याकडे पाहिलं. "हां, बोलो. उन..."

"उर्दू में नक्को," सत्तेम्मा म्हणाली. "उस में तुमारे कान गडबड करते. तेलुगु में सुनो, डेब्बै तोम्मिदी. सत्तर, और ऊपर नौ. लिखो."