आम्ही दोघांनी पाहिलेली फायनल

सुजाताचा फोन आला तेव्हा मी वैजापूरजवळ आमच्या गावी होतो, भावाच्या कांदाचाळीपाशी. "काका, पप्पा गेले," एवढंच ती म्हणाली आणि पुढं तिला बोलता येईना. सुजाता म्हणजे खरातची मुलगी. मी होतो त्या कपड्यांवर फाट्यावर आलो, मिळेल त्या गाडीत चढलो. पण ऊन फार होतं, थांबणं शक्य नव्हतं, त्यांनी तरी किती वाट पाहायची? मी पडेगावला त्याच्या घरी पोचलो तेव्हा माणसं स्मशानातून परत येत होती, हातपाय धूत होती. चाळीस वर्षांचा मित्र, आणि त्याचं तोंडसुद्धा मला शेवटचं बघायला मिळालं नाही. मी याही वेळी नव्हतो... 'याही वेळी' का म्हणालो, ते सांगण्यासाठीच हे लिहितो आहे.

सुदाम खरात आणि मी वाळूजच्या एका कारखान्यात एकाच दिवशी कामाला लागलो. प्रेस शॉपमध्ये शेजारशेजारची मशीन. तो बौद्ध, शहरातल्या छावणी भागात वाढलेला, मामाकडं. मी शेतकऱ्याच्या घरातला, गावाकडून नुकताच बजाजनगरात खोली करून राहिलेला. माझं आडनाव निकम. पण पहिल्याच आठवड्यात मी मुकादमाशी कशावरून तरी ताठ्यानं बोललो आणि खरात हसून म्हणाला, "आरं, हे तर पाटील हायेत!" तेव्हापासून मरेपर्यंत मी त्याचा पाटील. आमच्या घरी पाटीलकी सोडा, कोतवालकीसुद्धा नव्हती.

फुटबॉल मला त्यानंच दाखवला. मला कबड्डी ठाऊक होती, क्रिकेटवर उगाच वाद घालता येत होता. एका रविवारी त्यानं मला सायकलवर आमखास मैदानावर नेलं. आम्ही त्याला स्टेडियम म्हणायचो, पण तिथं तेव्हा बसायला धड पायरी नव्हती. फक्कीच्या पांढऱ्या रेघा, त्याच्याभोवती दोरी, आणि दोरीला पोट लावून माणसंच माणसं. छावणीतले, बुढी लेनचे, रेल्वेचे, आमच्यासारखे कारखान्याचे. रिक्षावाले रिक्षाच्या टपावर. पोरं एका जुन्या भिंतीवर चिमण्यांसारखी ओळीनं. आणि भोंग्यातून एक चाचा सगळ्यांना झापत असायचे, "दीवार पे से उतरो रे! दीवार तुम्हारे बाप की है क्या?" कुणी उतरायचं नाही. बॉल नाल्यात गेला की शंभर माणसं एकदम सल्ला द्यायची. भाजलेल्या शेंगांचा वास, धूळ, घाम, विड्या, आणि गोल झाला की अनोळखी माणूस गळ्यात पडायचा. मी गावाकडचा, आमच्याकडं माणसं सख्ख्या भावाच्याही गळ्यात पडत नाहीत. त्या दिवशी एक दाढीवाले म्हातारे मला मिठी मारून रडले, आणि मला त्यांचं नावही माहीत नव्हतं. परतताना खरात म्हणाला, "मॅच काय, उद्या पेपरात बी येती. पब्लिक पेपरात येत नाय. ती बघाया जायाचं असतं." सामना सुरू व्हायच्या तासभर आधी तो जाऊन बसायचा, ते यासाठीच.

आमच्या कारखान्यात तीन पाळ्या. त्यामुळे कुठलीही मॅच असो, निम्मी माणसं हुकायचीच. त्यावर खरातनं तोडगा काढला होता. दुसऱ्या दिवशी गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर तो मॅच मांडायचा. बाकड्यावर चहाचे ग्लास म्हणजे खेळाडू, काडेपेटी म्हणजे गोल, फुटाणा म्हणजे बॉल. पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत सगळी मॅच तो पुन्हा खेळायचा. मधे कोण काय शिवी घालत होतं, कुणाची चप्पल हरवली, सगळं त्यात यायचं. त्याचा नियम एकच, आणि तो कडक होता. ज्यानं डोळ्यांनी बघितली त्यानंच मांडायची. एकदा आमच्यातल्या एकानं मेहुण्याकडून ऐकलेली मॅच मांडायला घेतली, तर खरातनं सगळे ग्लास उचलून टपरीवाल्याला परत दिले. "ऐकलेल्या मॅचला घामाचा वास नसतो," म्हणाला. आम्ही त्याची टिंगल करायचो. पण पुन्हा कुणी ते धाडस केलं नाही.

आता त्या रविवारचं. आमचा कामगारांचा संघ फायनलला पोचला होता, समोर बाहेरगावचा तगडा संघ. आठवडाभर खरातच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. "पाटील, दोनला दारात येतो. तयार ऱ्हावा." मी हो म्हणालो होतो. पण त्याच दुपारी अचानक गावाकडून माझे चुलते आले, आबा, आणि त्यांच्याबरोबर बहिणीच्या सोयरिकीचे दोघं पाहुणे. ते दिवस कसे होते ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला होता, गावागावांत माणसं एकमेकांकडं वाकड्या नजरेनं बघत होती. आबा तर नामांतराविरुद्ध तावातावानं बोलतच आत आले.  खरात माझ्या घरी कसा यायचा ते मला माहीत होतं. तो दारातून हाक मारायचा, सरळ आत यायचा, माठातलं पाणी स्वतःच्या हातानं घ्यायचा आणि मग बसायचा. रोजचंच होतं ते. त्या दिवशी ते मला नको होतं.

बरोबर दोनला हाक आली, "पाटील, चला!" मी कुसुमला, माझ्या बायकोला, स्वयंपाकघरात ओढलं आणि म्हणालो, "मी घरी नाही म्हणून सांग." ती माझ्याकडं बघत राहिली. मी म्हणालो, "जा म्हणतो ना!" ती दारात गेली. मी आत उभा राहून ऐकत होतो. "भाऊजी, हे घरी नाहीत, वैजापूरला गेलेत." माझी सायकल दाराशेजारीच उभी होती, आणि पाहुण्यांच्या नव्या वहाणांशेजारी माझ्या चपलाही.  खरात म्हणाला, "बरं वहिनी. सांगा, येऊन गेलो म्हणून." त्याच्या सायकलची चेन करकरली, आणि तो गेला. मग बाहेरच्या खोलीत येऊन मी पाहुण्यांना पोह्यांचा आग्रह केला. ती सोयरीक पुढं मोडली, हे जाता जाता सांगून टाकतो.

फायनल आम्ही जिंकलो. तीही अशी, की शहरानं अनेक वर्षं नाव काढावं. दोन गोलांनी मागं असताना बरोबरी केली, भिंतीवरची पोरं उड्या मारायला लागली आणि ती भिंत पोरांसकट खाली आली. कुणाला खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. पोरं उठली आणि त्याच विटांवर बसून पुढची मॅच बघू लागली. भोंगेवाले चाचा म्हणाले, "अब बैठो आराम से!" आणि मग शेवटच्या क्षणी आमच्या गोलकीपरनं, छावणीतल्या बेकरीत पाव भाजणाऱ्या माणसानं, पेनल्टी अडवली. लगेच पलटून आमचा तिसरा गोल. हे सगळं मला सोमवारी सकाळी टपरीवर कळलं. मी मान खाली घालूनच गेलो होतो. खरात माझ्याशी काय बोलेल, सगळ्यांसमोर काय म्हणेल, याचीच धास्ती होती. त्यानं ग्लास मांडायला घेतले. कुणीतरी मला विचारलं, "निकम, तू होतास का रं?" मी तोंड उघडायच्या आत खरात म्हणाला, "व्हय तर! माझ्या बाजूलाच होता. लई वरडला." आणि माझ्याकडं न बघता फुटाणा मधोमध ठेवून त्यानं मॅच सुरू केली.

तेव्हापासून मी त्या फायनलला 'होतो'. पाळीत, लग्नात, निवृत्तीच्या निरोपसमारंभात, जिथं जुने प्रेक्षक भेटतील तिथं ती मॅच निघायची, आणि आम्ही दोघं जोडीनं ती सांगायचो. भिंत पडताना माझ्या हातातल्या शेंगा सांडल्या, ही भर मी घातली. त्या म्हाताऱ्या दाढीवाल्यांना मी याही मॅचमध्ये रडायला लावलं. पुढं पुढं खरातपेक्षा मीच चांगली सांगतो असं लोक म्हणू लागले. मला वाटायचं, त्यानं मला माफ केलंय, आपल्या शेजारी जागा देऊन माफ केलंय. पण माफी मी मागितली कुठं होती? एका वाक्याचं काम होतं. 'खरात, त्या दिवशी मी घरातच होतो.' तीस वर्षं ते वाक्य माझ्या घशात अडकून राहिलं. तो मात्र पुढच्याच आठवड्यात आला होता, हाक मारून, सरळ आत, माठाकडं.

निवृत्तीनंतर त्यानं पडेगावला छोटंसं घर बांधलं. गेल्या वर्षी त्याच्या फुफ्फुसांनी दगा दिला. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं यंत्र आलं. मी दर रविवारी जायचो. टीव्हीवर परदेशातल्या मॅच लागायच्या, तो आवाज बंद करून बघायचा. "खुर्च्याबी किती साफ हायेत बघ," म्हणायचा, "अशा खुर्चीवरून माणूस मनापासनं शिवी कशी देईल?" पुढं बोललं की धाप लागू लागली, तेव्हा मॅच मांडायचं काम माझ्याकडं आलं. तो डोळे मिटून ऐकायचा. मला ते असह्य व्हायचं. शेवटच्या रविवारी, शोभावहिनी, म्हणजे त्याची बायको, आत होत्या, मी त्याचा हात धरला आणि म्हणालो, "खरात, त्या दिवशी मी..." त्यानं डोळे उघडले. हात सोडवला नाही. दम खात खात म्हणाला, "ऱ्हाऊ दे, पाटील... भिंत पाड." मी भिंत पाडली. त्याच्या ओठांच्या कडेला हसू आलं. गुरुवारी तो गेला.

पुण्यानुमोदनाला घरासमोर मांडव होता. भन्तेजींनी वंदना घेतली, मग एकेक माणूस दोन शब्द बोलला. आमच्या शॉपमधला एक जुना सोबती उठून म्हणाला, "त्या फायनलचा आता आपल्यातला एकच साक्षीदार उरला. निकम, सांगा." मी उभा राहिलो. तोंडपाठ होतं सगळं. पण समोर त्याचा फोटो होता, आणि पुढच्या रांगेत त्याच्या माहेरवाशिणी लेकी. मी म्हणालो, "मी त्या फायनलला नव्हतो." मग दारातल्या हाकेपासून सगळं सांगितलं, आबांचं, माठाचं, कुसुमला पुढं केल्याचं. का लपलो तेही, शब्द न चोरता.  शेवटी मला रडू आवरेना, तेव्हा कुणीतरी हाताला धरून खाली बसवलं.

जेवणं झाल्यावर शोभावहिनींनी मला आत बोलावलं.  मग म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही आज तुमचं सांगितलं. आता आमचंबी ऐका... हे तरी कुठं गेले होते मॅचला?"

मला कळेना.

"मैदानाच्या वाटंवरच्या गोलवाडीच्या पुलापस्तोर गेले आन् सायकल वळवून माघारी वाळूजच्या घरी आले. भिंतीकडं तोंड करून पडले. म्या इचारलं, मॅच? तर म्हणाले, एकट्यानं काय बघायची. च्यासुदिक घेतला नाय. तुमच्या चपला दिसल्या होत्या त्यास्नी. संध्याकाळी उठले आन् छावणीत जाऊन दोघा-तिघांकडून सगळी मॅच ऐकून आले. भिंत पडल्याली, पेनल्टी, समदं. आल्यावर मला मांडून दावली, वाट्या घिऊन. चुकायचे, पुन्हा मांडायचे. म्या म्हणलं, कशापायी हे? तर म्हणाले, उद्या पाटलाला सांगाया लागंल. त्याच्यापायी माझी फायनल हुकली आसं कळलं, तर त्याच्या जिवाला लई लागंल."

ज्या माणसानं ऐकीव मॅचसाठी ग्लास परत दिले होते, त्यानं माझ्यासाठी आपला एकुलता एक नियम मोडला. एकदा नाही, तीस वर्षं. मला वाटत होतं मी त्याला फसवतोय आणि तो मोठ्या मनानं चालवून घेतोय. आणि तो आपली जखम माझ्यापासून लपवत होता, मला लागू नये म्हणून. माझ्या घशात एक वाक्य होतं, त्याच्या घशात केवढं होतं! आणि मी त्याला शेवटपर्यंत तीच मॅच ऐकवत राहिलो... आम्हा दोघांपैकी एकानंही न पाहिलेली.

गेले पाच रविवार मी दुपारी स्कूटर काढून गोलवाडीच्या पुलाशी जातो. तिथं आता रस्ता रुंद झालाय, ट्रक अंगावर येतात, थांबायला धड जागा नाही. त्यानं नेमकी कुठं सायकल वळवली असेल, ते मी शोधत राहतो. वळण्याआधी त्यानं एकदा तरी मागं बघितलं असेल, पाटील धावत येतोय का म्हणून. मला यायला दहा मिनिटं लागली असती. ती दहा मिनिटं मला आता कोण देणार?

कुसुम दर वेळी विचारायची, कुठं जाता? मी टाळायचो. मागच्या रविवारी पुलाचं सगळं सांगितलं. तिनं पायात चपला घातल्या आणि स्कूटरवर मागं बसली. पुलाशी उतरली, पदर डोक्यावर घेतला. समोरून धूळ उडवत गाड्या जात होत्या. तिनं हात जोडले आणि मोठ्यानं, गाड्यांच्या आवाजावरून ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "भाऊजी, हे घरातच होते हो."

मग आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला तसेच उभे राहिलो.