अक्काची राहिलेली भैरवी

अन्याय माझ्या आत्यावर झाला. दोन हजार चार सालच्या गणपतीत, गौरी जेवणाच्या संध्याकाळी, राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीच्या मांडवात. तिचं भजन मध्येच बंद पाडलं. पाडणारे कुणी परके नव्हते, आमच्याच तरुण मंडळाचे होते.

आत्याला सगळी गल्ली अक्का म्हणायची. माझ्या लहानपणी दर गुरुवारी तिच्या घरी भजन असायचं. चपात्यांची कणीक मळताना ती एक गोळा बाजूला ठेवायची. तो पखवाजाचा. डाव्या तोंडाला कणीक थापली की पखवाज घुमतो. मामा, म्हणजे तिचा नवरा, अंगठ्यानं ती थापत आणि मी समोर बसून बघत राहायची. मग अक्का पेटी पुढं ओढायची. कधी यमन, कधी भीमपलास. ही नावं मला फार पुढं कळली. तेव्हा एवढंच कळायचं, की ती वरच्या सुराला गेली की बायका झांजा वाजवायच्या विसरतात. शेवटी भैरवी. भैरवीनंतर कुणी गायचं नाही, आणि भैरवी झाल्याशिवाय मामा पखवाजाची कणीक काढायचे नाहीत. सकाळी तो गोळा गाईला घालायचं काम माझं.

तर त्या संध्याकाळी ती भैरवी सुरू करणार, तोच मंडळाच्या अध्यक्षानं माईकची वायर उपसली. डॉल्बी आला होता.

"अक्का, आवरा आता. पोरं खोळंबल्यात."

"भैरवी व्हायची हाय अजून."

"कोण ऐकतंय ओ हे आता? उद्या म्हणा की!"

"उद्याची भैरवी आजच्या भजनाला चालती व्हय रं?"

पुढचं काही ऐकूच आलं नाही. मांडवाचे पत्रे थडथडायला लागले. मामांनी कणीक न काढताच पखवाजाला खोळ घातली. म्हणाले, "भजन संपलंच न्हाय, तर काढू कशी?" गुरुवारही तिथंच थांबले. कणीक खोळीत वाळून दगड झाली.

आणि म्हणे, कोण ऐकतंय! परवाच्या रविवारी तोच अध्यक्ष दारात मोटारसायकल पुसत अक्काचाच अभंग गुणगुणत होता. लहानपणी प्रसादाच्या शिऱ्यासाठी यायचा, तेव्हा कानात मुरलेला. मध्येच अडखळला, तशी अक्का खिडकीतून ओरडली, "वर जा की रं, भितोस कशाला?" लाजला गडी, पण गेला वर. तेवढ्यात मला ते सगळे गुरुवार परत मिळाले: उदबत्तीचा वास, दाराबाहेर चपलांचा ढीग, पेटीचा तो धापा टाकणारा भाता.

अक्का अजून गाते, स्वयंपाकघरात, दार लोटून. भैरवी तेवढी गात नाही. मामा थकलेत. आणखी किती वाट बघायची त्यांनी?

म्हणून वाचणाऱ्यांनो, गोड बोलून सांगत नाही. यंदा गौरी जेवणाच्या संध्याकाळी डॉल्बीची पिन काढा आणि मांडवात सतरंजीवर येऊन बसा, अध्यक्षासकट. भैरवी होईपर्यंत उठायचं नाही. कणीक मी मळून आणते.