कावीळ कुणाकडे उतरवली?

औषधाच्या ट्रेवर डावा तळहात ठेवून मॅडम पेशंटला विचारायच्या, "कावीळ कुणाकडे उतरवली होती?" झाली होती का, असं कधीच नाही. सरळ कुणाकडे!

डोंबिवलीच्या एका रुग्णालयात केमोथेरपीची औषधं तयार करणाऱ्या फार्मसीत मी नवा होतो. मुरबाडकडचा, घरातला पहिला पदवीधर. मॅडम तिथल्या मुख्य फार्मासिस्ट. त्यांचा प्रश्न मला गमतीचा वाटायचा. तुम्हालाही वाटला असता.

एकदा खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या एक आजी आल्या. मानेत लिम्फोमाच्या गाठी, पहिला डोस. मॅडमनी ट्रे अडवला.

मुलगा वैतागला. "हेपेटायटिस बीचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे ना? आईची गाठ रोज वाढतेय, मॅडम!"

"जुन्या संसर्गाची टेस्ट राहिलीय. विषाणू आत झोपलेला असला तर हे औषध त्याला उठवेल. मग यकृतावर बेतेल."

"तिला कावीळ झालीच नाही. डॉक्टरांना सांगितलंय तिनं."

मॅडम आजींकडे वळल्या. "मावशी, कावीळ कुणाकडे उतरवली?"

"ती व्हय? दिव्याला, एका म्हाताऱ्याकडं. चुन्याच्या पान्यात हात धुतलं, पिवलं पानी निंगालं. गेली ना कावील!"

"आई, मग डॉक्टरांना नाही का म्हणालीस?"

"उतरवलेली कशाला सांगू रं?"

मुलगा खालीच बसला. मॅडमनी डॉक्टरांना फोन केला. "थांबवा, रक्त पाठवा," ते म्हणाले.

टेस्ट पॉझिटिव्ह आली. डॉक्टरांनी विषाणू दाबून ठेवणारी गोळी सुरू केली, मग केमो.

मला राहवेना. "मॅडम, टेस्ट नव्हती म्हणजे औषध थांबणारच होतं. मग विचारायचं कशाला?"

"अरे, माझ्या सांगण्यानं तो मुलगा थांबला असता? दुसरीकडे घेऊन गेला असता आईला." मग हळूच म्हणाल्या, "हाताला आधी कसलीशी साल चोळतात रे, चुन्याच्या पाण्यात तिचाच पिवळा रंग उतरतो. माझीपण उतरवलीय, शहाडला. काय मस्त पिवळं पाणी निघालेलं!"

मॅडम निवृत्त होऊन लेकीकडे नाशिकला गेल्या. त्यानंतर आजी तपासणीला आल्या, गाठी विरलेल्या, पिशवीत सुके बोंबील.

"ती कावीलवाली बाय कुठं हाय?"

मी सांगितलं. पिशवी मांडीवर घेऊन त्या बाकावर बसल्या. शेजारी एक नवी बाई होती, हातात फाईल, घाबरलेली. आजींनी तिच्या हातावर डावा तळहात ठेवला.

"बाय, तू कावील कुनाकडं उतरवली?"