छत्तीस इंच की तेहतीस

क्लिफर्ड बॅराक्लफने इंग्लंडातल्या हॅलिफॅक्सच्या नगरपालिकेत एकतीस वर्षं फुटपाथची उंची मोजली. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी त्याला सपाटी तपासायची एक पितळी स्पिरिट लेव्हल भेट दिली आणि तिथेच घोटाळा झाला. हत्यार हातात आलं, फुटपाथ सुटले, आणि मोजायला उरलं फक्त घर. त्या घरात त्याची बायको डोरीनही राहत होती, पण हे साहेबांच्या लक्षात आलं नसावं.

१९८८ सालची ही गोष्ट. टेकडीवरच्या त्या अख्ख्या गल्लीला तेव्हा भिंतीवरच्या नक्षीदार लाकडी पट्टीने झपाटलं होतं. जमिनीपासून तीनएक फुटांवर पट्टी खोलीभर फिरवायची, तिच्या वर एका रंगाचा कागद चिकटवायचा, खाली दुसऱ्या. आजोबांच्या काळात ती खुर्च्यांच्या पाठींनी भिंत खरवडू नये म्हणून असायची. वडिलांनी जुनाट म्हणून उपटून शेकोटीत घातली. आता नातू तीच दुकानातून आणत होते आणि आपल्याला जुन्याची कदर असल्याचं एकमेकांना सांगत होते.

क्लिफर्डनेही आणली. मार्चमध्ये त्याने पुढच्या खोलीचा कागद खरवडून भिंती उघड्या केल्या आणि पट्टी किती उंचीवर लावावी या प्रश्नापाशी जो बसला, तो पुढच्या वर्षीचा मे आला तरी उठला नाही.

डोरीनची पंचाईत अशी, की गल्लीतल्या रिवाजाप्रमाणे पुढची खोली रोज वापरायची नसते. ती पाद्रीबुवांसाठी, मयतासाठी आणि डोरीनच्या घरी गुरुवारच्या चहासाठी. पाद्रीबुवा वर्षातून एकदा येत आणि मयताची कुणाला घाई नव्हती. पण चहा बावीस वर्षं चालू होता. दर गुरुवारी तीन वाजता बेरिल आणि आणखी तिघी येत, आल्याचा केक खात आणि न आलेल्यांची उणीदुणी काढत. आठवड्यातले ते दोन तास डोरीनचे होते. भिंती उघड्या पडल्यावर “चार दिवसांपुरता” म्हणून चहा बेरिलकडे गेला, आणि चार दिवसांचे चौदा महिने झाले.

“क्लिफर्ड, आज लागेल का रे पट्टी?”

“छत नऊ फुटांवर. त्याचा तिसरा हिस्सा छत्तीस इंच. पण जमीन खिडकीकडे पाऊण इंच उतरलीय. मग छत्तीस कुठून मोजायचे?”

“जमिनीवरून.”

“कुठल्या जमिनीवरून, डोरीन?”

यावर ती स्वयंपाकघरात निघून जायची, कारण तिथली जमीन तिला पुरत होती.

क्लिफर्ड लोकांचं मत घेई. आता त्या गल्लीत तोंडावर वाईट कुणी बोलत नाही. “वाईट नाही” म्हणजे उत्तम, आणि “वेगळं आहे” म्हणजे बघवत नाही. शेजारचा स्टॅनली एका रेघेसमोर मान तिरपी करून म्हणाला, “वेगळं दिसतंय.” क्लिफर्डने रेघ पुसली. पाद्रीबुवा दुसरीसमोर म्हणाले, “धाडसी आहे.” तीही गेली. पुसलेल्या, न पुसलेल्या, तारखा घातलेल्या रेघांनी भिंत अशी भरली, की वाटावं, त्या घरात एकोणीस पोरांची उंची मोजत त्यांना वाढवलं असावं.

मग एका रविवारी चर्चच्या दारात बेरिलने डोरीनचा हात हातात घेतला. “तुझी खोली झाली तरी गुरुवार आता माझ्याकडेच राहू दे गं. बायकांना सवय झालीय. मी कपसुद्धा नवे आणलेत. उगाच तुला कशाला त्रास?”

“किती विचार करतेस गं माझा,” डोरीन म्हणाली. दोन बायकांनी एकमेकींना याहून कडक बोलायची तिथे पद्धत नाही. घरी येऊन ती त्या रेघांसमोर उभी राहिली आणि तिला रडू आलं. दुःखाचं थोडं, रागाचं जास्त.

पुढच्या गुरुवारी क्लिफर्ड लीड्सजवळच्या एका जुन्या हवेलीतल्या पट्ट्या मोजायला गेला. बस वळली तशी डोरीनने चौघींना निरोप धाडला, “भिंती उघड्या आहेत, पण तुम्ही नीट कपडे करून आलात म्हणजे झालं.” सोफे धुळीपासून जपायला टाकलेल्या चादरींखाली होते, म्हणून तिने जेवणाच्या पाच खुर्च्या भिंतीला लावल्या. चौघी आल्या. बेरिलही आली, कारण न येणाऱ्यांचं काय होतं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“या रेघा कसल्या गं?” तिने विचारलं.

“क्लिफर्डचं वर्ष आहे ते.”

बेरिलने खोलीवरून नजर फिरवली. “वेगळं आहे.”

“आहेच. केक घे.”

दुसऱ्या कपानंतर हसणं सुरू झालं. हसताना बायका मागे रेलत होत्या आणि खुर्च्यांच्या पाठी भिंतीवर घासत होत्या.

सहाला क्लिफर्ड परतला तेव्हा गिलाव्यावर पाच ताजे ओरखडे होते. तो दारातच थिजला. “इथे कोण बसलं होतं?”

“माणसं.”

त्याने टेप काढली. तेहतीस इंच. पुढचा, तेहतीस. खिडकीजवळचा पाचवा, जिथे जमीन उतरली होती, तोही तेहतीसच, कारण खुर्चीला चारच पाय होते आणि ते जमिनीवर होते.

“हवेलीत किती निघाली?” डोरीनने विचारलं.

“साडेचौतीस,” तो पुटपुटला. “पण तिथल्या खुर्च्या वेगळ्या.”

शनिवारी पट्टी लागली, जमिनीबरोबर पाऊण इंच उतरत. क्लिफर्डने गल्लीभर सांगितलं, की चौदा महिन्यांच्या अभ्यासातून त्याने शेवटी खुर्चीवरून माप काढलं. स्टॅनली म्हणाला, “वाईट नाही.” डोरीनने सगळं श्रेय नवऱ्याला घेऊ दिलं, तिला ते ठेवायला जागा नव्हती.

गुरुवारी तीनला बायका आल्या. पट्टीच्या नव्या पॉलिशला धक्का लागू नये म्हणून क्लिफर्डने पाचही खुर्च्या हातभर पुढे ओढून ठेवल्या होत्या आणि लक्ष ठेवायला तो स्वतः दारात उभा होता. डोरीन बसली. तिने दोन्ही पाय जमिनीवर टेकवले आणि खुर्ची मागे रेटत नेली, पाठ लाकडावर आपटेपर्यंत. मग दुसरी खुर्ची मागे गेली, तिसरी, चौथी. बेरिलची सगळ्यांत शेवटी.

“क्लिफर्ड, चहा ओत,” डोरीन म्हणाली. “आणि जाताना दार लावून घे.”