जावयाच्या गाडीचं टॅपेट कव्हर

एसटीच्या वर्कशॉपात झुलाल आबांनी एकतीस वर्षं इंजिनं उघडली, पण एकही बोल्ट कधी कमी भरला नाही. हे त्यांनी असोद्यात इतक्यांदा ऐकवलंय, की पारावरची मंडळी आता ते वाक्य त्यांच्याआधी पुरं करतात.

त्या रविवारी जावई भूषण आणि लेक रत्ना धुळ्याहून भरीत खायला आले. गाडी अंगणात थांबते न थांबते तोच आबांनी नाक वर केलं. "ऑइल जळतंय." टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण, कडेने पाझरत होतं.

"उद्या शोरूमला दाखवतो," भूषण म्हणाला.

झालं! सासरा जिवंत असताना शोरूम? आबांनी आपली मोटारसायकल देऊन जावयाला जळगावला पिटाळलं आणि झाकणाखाली बसणारं नवं गॅस्केट आणवलं.

तोवर इंजिन गार झालं होतं. आबांनी दहा बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे सैल करत काढले. कुठला कुठचा ते कळावं म्हणून एरवी ते बोल्ट पुठ्ठ्यात खोचत. आज पुठ्ठा सापडेना, मग त्यांनी भरताचं एक दांडगं हिरवं वांगं उचललं आणि त्यात ओळीने खोचले. ठोकळ्याने टकटक करून झाकण सोडवलं. बोल्ट उपसून त्याच ओळीने फडक्यावर ठेवले, वांगं बायकोच्या, भागाबाईंच्या टोपलीत टाकलं आणि जुनं गॅस्केट खरवडायला बसले. भरताच्या वांग्याला टोचे मारतातच, त्यामुळे भागाबाईंना भोकांचं काही वाटलं नाही. त्यांनी ते कापसाच्या काड्यांच्या जाळावर टाकलं.

नवं गॅस्केट लावून झाकण बसवलं, तर बोल्ट नऊच!

"आबा, वांग्यात नाही ना राहिला?" रत्नाने विचारलं.

"मी काय आंधळा आहे?" आबा खेकसले.

पण इंजिनात पडला असेल तर? चालू केलं की पोरीची पहिली गाडी कामातून जायची. त्यांनी झाकण पुन्हा काढलं, टॉर्च लावून कोपरान्‌कोपरा पाहिला, दोऱ्याला लोहचुंबक बांधून आत फिरवला. काही नाही. शेवटी फडक्याला हात पुसत ते भूषणसमोर उभे राहिले. एकतीस वर्षांत जे तोंडातून निघालं नव्हतं, ते निघालं.

"जावईबापू, गाडी चालू करू नका. माझा हात चुकला."

भूषणने किल्ली खिशात टाकली. तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला, खण्ण!

भागाबाईंनी पहिलंच वांगं सोलून ठेचायला घेतलं होतं. घाबरल्या की त्यांच्या तोंडी माहेरची बोली येई. "हाई काय शे वं माय!"

आबांनी जोर लावून पार सालीखाली दाबलेला दहावा बोल्ट मुसळाला लागला होता. रत्ना हसून हसून खाली बसली. भागाबाईंनी ते वांगं उकिरड्यावर फेकलं आणि नवऱ्याचा असा उद्धार केला, की शेजारीपाजारी कुंपणाशी जमा झाले. आबा मात्र बोल्ट धुऊन, पुसून, गालातल्या गालात हसत होते. त्यांना इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

संध्याकाळी गाडी सुरू झाली. थेंबभरही ऑइल पाझरलं नाही. भूषणने काच खाली केली.

"आबा, पुढच्या रविवारी ब्रेक बघायचेत. शोरूमला नाही नेत. तेवढा पुठ्ठा शोधून ठेवा."