बाळाची खोली आणि शोभाकाकूंची गिरणी

काल संध्याकाळी आमची रूथ पंख्याखाली नुसत्या झबल्यात शांत झोपली होती आणि मम्मी दारात उभी राहून तिच्याकडे बघत होती. मागच्या महिन्यात याच वेळेला या खोलीत आम्ही तिघीही रडकुंडीला आलो होतो... म्हणून हे लिहितेय.

मी बाळंतपणाला श्रीरामपूरला माहेरी आलेय. आमचं घर साधं, बैठं, वर उघडा स्लॅब. दिवसभर तापलेला तो स्लॅब संध्याकाळी आत उष्णता सोडायला लागायचा आणि बाळ नेमकं तेव्हाच रडायला सुरुवात करायचं. मानेवर, पाठीवर सगळीकडे घामोळं.

कूलर होता. पण आमच्याकडे चहूबाजूंनी ऊस आणि कॅनॉलला पाणी सुटलेलं... त्यात आभाळ आलं की हवा आधीच दमट. बंद खोलीत कूलर लावला की गादीसुद्धा ओलसर लागायची.

नवरा पुण्याहून रोज फोन करायचा. "तुम्ही दोघी इकडे या, इथे एसी आहे." त्याचं चुकत नव्हतं. इथे एसी बसवायचा तर घराचं सगळं वायरिंगच बदलावं लागणार होतं, ते पप्पांच्या पेन्शनमध्ये बसणारं नव्हतं.

मम्मीने नातवंडासाठी वर्षभर पुरतील एवढी जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवून ठेवली होती. मी बॅग भरायचा विषय काढला की ती उठून स्वयंपाकघरात जायची...

मग पप्पांनी मनावर घेतलं. ते शाळेतून रिटायर झालेत, गुडघे दुखतात, तरी भल्या सकाळी गच्चीवर चढले. स्लॅब झाडून धुतला आणि चुन्यात गोंद कालवून दोन हात दिले. वर बांबू उभे करून हिरवी शेडनेट बांधली... स्लॅबला चिकटवून नाही, मधून वारं जाईल अशी उंचावर.

फरक पडला. दुपारी भिंतीला हात लावला की आधीसारखा चटका बसेना. पण संध्याकाळची कोंडलेली हवा काही हलत नव्हती.

एकदा लाईट गेली म्हणून बाळाला घेऊन मागच्या दारी उभी राहिले, तर तिथे छान वारं होतं. शेजारच्या शोभाकाकूंच्या अंगणातल्या कडुलिंबाकडून येत होतं. मी पप्पांना म्हटलं, "या बाजूला आपली खिडकी होती ना?"

होती. पण काकूंची पिठाची गिरणी अगदी लागून, सगळं पीठ घरात यायचं. म्हणून कधीतरी पप्पांनी तिला प्लाय ठोकला आणि पुढे लोखंडी कपाट लावलं. ती उघडली तर तान्ह्या बाळाच्या नाकातोंडात पीठ जाणार... विषय तिथेच संपला.

दोन-चार दिवसांनी शोभाकाकूच बाळाला बघायला आल्या. काका गेल्यापासून गिरणी त्या एकट्याच चालवतात. पदराने बाळाला वारा घालत म्हणाल्या, "लई उकडतंय गं हितं. लेकरू कसं ऱ्हाईल? एखादी दुसरी खिडकी न्हाई का?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "आहे ना काकू, पण गिरणीचं पीठ येतं..."

मम्मीने माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. काकू चहा प्यायल्या, बाळाच्या हातात नोट ठेवली आणि गेल्या. मम्मी नंतर मला म्हणाली, "तिचं पोट आहे त्या गिरणीवर. तिला काय वाटलं असेल?" त्या रात्री जेवण कुणालाच गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गिरणीचा आवाजच नाही. संध्याकाळ म्हणजे खरी गर्दीची वेळ, कामावरून येणारे लोक तेव्हाच दळण आणतात. मम्मी घाबरून बघायला गेली, तिच्या मागे मी.

काकू लिंबाखाली खाटेवर निवांत बसल्या होत्या. ओट्यावर लोकांचे दळणाचे डबे ओळीने ठेवलेले. एक बाई कुरकुरत होती, तिला त्या सांगत होत्या, "डबा ठिऊन जा, सकाळी लवकर दळून ठिवते."

मम्मी म्हणाली, "शोभाताई, अहो आमच्यासाठी गिऱ्हाईक कशाला मोडता? पोरगी सहज बोलून गेली हो."

काकू म्हणाल्या, "गिऱ्हाईक कुटं जातंय? सकाळी गारव्यात दळलेलं मलाबी बरं पडतं. तुमी आधी ती खिडकी उघडा. लेकरू झोपू द्या."

पप्पांनी त्याच संध्याकाळी कपाट सरकवलं, प्लाय काढला, खिडकी धुऊन बारीक जाळी लावली. वारं आत आलं आणि मम्मी डोळे पुसत पलंगाची चादर सारखी करायला लागली...

आता दुपारी कूलर लावला की ती खिडकी थोडी उघडी ठेवतो. हवा आतून बाहेर जाते, त्यामुळे पीठही येत नाही आणि खोली दमट होत नाही. आभाळ आलं की कूलर बंद, फक्त पंखा. संध्याकाळी गिरणी बंद असते, तेव्हा दोन्हीकडच्या खिडक्या सताड उघड्या. पुण्याच्या एसीसारखं गार नाही होत, पण रूथचं घामोळं गेलंय.

नवरा शनिवारी आम्हाला न्यायला आला होता. जेवून त्याच खोलीत चटईवर आडवा झाला, तो चहाच्या वेळेलाच उठला. म्हणाला, "राहा अजून महिनाभर." मम्मीने ऐकलं आणि मला न विचारताच अळीव भिजत घातले.

शोभाकाकूंना तोंडावर थँक्यू म्हटलं तर त्या रागावतात, आणि मोबाईलवर हे वाचायच्या नाहीत. आमच्या गल्लीतलं कुणी उद्या दळण घेऊन गेलं, तर त्यांना एवढंच सांगा... बाळ संध्याकाळचं छान झोपतंय.